तीन फुसकारे सारखे येतात का?

जुनी गाडी घेताना : लेखांक १७

आज टर्बोचा शाफ्ट हातानं हलवून बघायचा होता. ते पुढे ढकलतो, कारण उधन्याहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यांना उत्तराची घाई आहे. त्यांचा मुलगा ऑकलंडला असतो. तिथं त्याला एक माझदा आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय. 'तुम्ही लिहिलेलं सगळं त्यानं तपासलं. धूर नाही, ऑइल कॅपमधून वाफ नाही. मग घेऊ दे का?' असं ताई विचारतात.

ताई, अजून नको. त्या सगळ्या परीक्षा पिस्टनच्या इंजिनाच्या होत्या, आणि या गाडीत पिस्टनच नाही; तिचं इंजिन रोटरी आहे.

आमच्या कडोदरा चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद आणि सुरत-धुळे असे दोन हायवे एकमेकांना छेदतात. थकलेलं ट्रकचं इंजिन कसं ओळखायचं, हे इथं गॅरेजातल्या नवख्या पोरालाही माहीत असतं. चालू इंजिनाची ऑइल कॅप काढायची आणि तोंडाशी तळहात धरायचा. रिंगा गेल्या असतील तर जळका वायू खाली चेंबरमध्ये उतरतो आणि कॅपमधून भकाभका बाहेर येतो. रोटरीत ही खूण जवळजवळ निरुपयोगी. तिथं फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर शेंगेच्या टरफलासारख्या, मधे कंबर असलेल्या घरात फिरतो. तिन्ही टोकांना एकेक पातळ पट्टी असते, ती एपेक्स सील. आरएक्स-८ मध्ये ती जेमतेम २ मिलिमीटर जाडीची. रोटरच्या सपाट अंगांना साइड सील आणि दोन्हींच्या सांध्यात कॉर्नर सील. एपेक्स सील झिजलं की वायू निसटतो तो शेजारच्या खणात, आणि तिथून सायलेन्सरवाटे निघून जातो. कॅपवर हात धरून त्याचा पत्ता लागायचा नाही.

तेलाचंही तसंच. पिस्टनची गाडी तेल पिते म्हटलं की आपण मागे सरतो. रोटरीत सीलांना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडं थोडं तेल आत सोडत असतो. तेव्हा मालक अभिमानानं 'थेंबभर तेल खात नाही' म्हणाला, तर मी पहिली चौकशी त्या पंपाची करेन. काही शौकीन पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. तसं नसेल आणि तरीही तेल उतरत नसेल, तर सीलं कोरडी घासली जातायत.

आता मुलानं करायची पहिली परीक्षा, आणि तिला एक पैसा लागत नाही. गाडी चांगली वीस मिनिटं पळवायची, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला की इंजिन बंद करायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि सेल्फ मारायचा. लगेच उचललं तर ठीक. सेल्फ लांबत गेला, रेस देऊन मनधरणी करावी लागली, तर सीलं थकली आहेत असं समजून चालावं. पिस्टनच्या इंजिनाला आपण थंड असताना गाठतो, याला गरम असताना गाठायचं. थंडीत तेल दाट असतं, बारीक फटी तेच बुजवतं. तापल्यावर ते पातळ होतं, आत येणारी हवाही विरळ होते, आणि झीज उघडी पडते. शिवाय सेल्फ मारताना सीलला घराच्या भिंतीवर दाबून धरतं ते मुख्यतः मागची नाजूक स्प्रिंग. इंजिन एकदा वेगात आलं की फिरण्याचा जोर आणि मागून शिरणारा वायू ते काम करतात. म्हणून झिजलेलं इंजिनसुद्धा हायवेवर बेफाम पळतं आणि चक्कर मारणारं गिऱ्हाईक खूश होऊन बयाणा देतं.

ही परीक्षा नापास झाली तर परत यावं. पास झाली तरी कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मोजण्यात एक मोठी मेख आहे. रोटरला तीन बाजू, म्हणजे तीन खण, आणि तिन्ही एकाच प्लगच्या भोकासमोरून जातात. नेहमीच्या गेजच्या तोंडाशी हवा कोंडून धरणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे काटा तिघांतल्या सर्वांत चांगल्या खणाचा आकडा दाखवून तिथंच अडकतो. दोन खण मेलेले असले तरी गेज पास म्हणतं. माझदाच्या वर्कशॉपमध्ये यासाठी वेगळा टेस्टर असतो. तो प्रत्येक रोटरचे तीन आकडे आणि सेल्फचा वेग दाखवतो. आरएक्स-८ साठी २५० आरपीएमला ८.५ किलो हे चांगलं, ६.९ किलोच्या खाली गेलं की इंजिन खोलायचं. एकाच रोटरच्या तीन खणांत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरांत एक किलोपेक्षा जास्त नको. बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ हळू फिरतो आणि आकडे उगाच पडतात, म्हणून वेग लिहून घेतल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

टेस्टर मिळाला नाही तर साधं गेज घ्यावं, त्यातला तो व्हॉल्व्ह काढून टाकावा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करावं, ॲक्सिलरेटर तळाशी दाबून सेल्फ मारावा आणि काट्याचं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावं. २५० आरपीएमला सेकंदाला साधारण चार उसळ्या दिसतात. त्या सारख्या उंचीच्या हव्यात. गेजही नसेल तर प्लग काढून नुसतं ऐकावं. निरोगी रोटर फुस्-फुस्-फुस् असा एका लयीत वाजतो. आजारी रोटर फुस्-फुस् म्हणून मधेच गप्प होतो.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की तीन आकड्यांवरून नेमकं काय गेलंय त्याचा अंदाज बांधता येतो, तोही इंजिन न खोलता. एक एपेक्स सील दोन खणांच्या सीमेवर असतं. ते गेलं की दोन्ही शेजारी पडतात : दोन आकडे कमी, एक बरा. एकच आकडा कमी असेल तर संशय त्या बाजूच्या साइड सीलवर. तिन्ही सारखेच खाली असतील तर सगळंच म्हातारं झालंय, घराची भिंतही.

भिंतीचं दुखणं रोटरीइतकंच जुनं आहे. माझदानं १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी रोटरीचा करार केला तेव्हा सीलं थरथरून भिंतीवर आडवे चरे पाडत. हिरोशिमाच्या इंजिनियरांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं. केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी, मिळून ४७ जण, त्यामागे लागले. सीलचा आकार बदलला, धातू बदलले, शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेलं सील टिकलं आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१ मध्ये चार रोटरांच्या ७८७बी नं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

आणि हे दूरदेशीचंच प्रकरण नाही. आपल्या नगरच्या व्हीआरडीई या संशोधन संस्थेनं बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर ५५ अश्वशक्तीचं वांकेल, म्हणजे रोटरी, इंजिन बनवलं, वजन सुमारे ३० किलो. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ 'निशांत' हे वैमानिकरहित विमान त्यावर उडालं. भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप एनएएलनं दिला, इंधन आणि इग्निशनची व्यवस्था नगरनं केली. नगरवरून जाताना मला हे इंजिन हमखास आठवतं. मराठीत त्याच्यावर भरपूर लिहिलं जायला हवं होतं.

विकणाऱ्याची एक सबब आणि एक चलाखी मुलानं ओळखून ठेवावी. 'गाडी फ्लड झालीय, म्हणून उचलत नाही' हे खरंही असू शकतं : थंड इंजिन चालू करून गाडी फाटकाबाहेर काढली आणि लगेच बंद केली की पेट्रोल साचतं, सीलांवरचं तेल धुऊन जातं आणि कॉम्प्रेशन पडतं. खरं असेल तर गाडी सुकवून पुन्हा मोजू द्यायला कोणी हरकत घेणार नाही. चलाखी उलट दिशेची. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं की आकडे तेवढ्यापुरते वर चढतात. मोजण्याआधी प्लग काढताना त्याचं टोक बघावं; तेलानं निथळत असेल तर गाडी तासभर चालवून मगच मोजावं.

राहिलं पाण्याचं सील. ॲल्युमिनियमची घरं आणि बिडाच्या प्लेटा एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेल्या असतात, मधे पाणी अडवणाऱ्या रिंगा. इंजिन एकदा जोरात तापलं की दोन धातू कमी-जास्त फुगतात आणि रिंग हार मानते. मग रात्रभर पाणी आत झिरपतं आणि सकाळी पहिल्या सेल्फला पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो, काही सेकंद एक रोटर चुकतो, आणि नंतर सगळं सुरळीत. ही खूण मात्र थंड इंजिनावरच दिसते. म्हणजे ताई, त्याला दोन फेऱ्या माराव्या लागतील : एक संध्याकाळी गरम इंजिनासाठी, एक सकाळी, बॉनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री करून. दोन रोटरांचे सहा आकडे आणि सेल्फचा वेग मिळाला तर मला कळवा. मालकानं मोजूच दिलं नाही, तर इंजिन गेलेलं धरून भाव करायला सांगा.