मुरार : किल्ल्याबरोबर परत आलेले गाव

लष्करच्या जुन्या मंडळींपुढे मुरारचे नाव काढले की ती हसतात. "मुरार म्हणजे छावणी, तिथे काय आहे?" राजवाडा लष्करात, तानसेनाची कबर हजिऱ्यात, सराफाही लष्करात. मुरारच्या वाट्याला आला तो सदर बाजार आणि सरळ रेषेतले रुंद रस्ते.

पण या छावणीची किंमत एकदा झाशीने मोजली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

१८४४ च्या तहानंतर ग्वाल्हेर कंटिंजंट उभी राहिली. अधिकारी इंग्रज, खर्च शिंद्यांचा. हीच पलटण १४ जून १८५७ रोजी मुरारला उठली. वर्षभराने, १६ जून १८५८ ला, सर ह्यू रोजने मुरार घेतले. दुसऱ्या दिवशी कोटा-की-सरायला लढाई जुंपली. राणी लक्ष्मीबाईंची समाधी फुलबागेत आहे. मुरारला जाता-येता आपण तेथूनच वळतो. पुढे इंग्रजांनी किल्ला आणि मुरार स्वतःकडे ठेवले, झाशी शहर शिंद्यांना दिले. १८८६ साली हा व्यवहार उलटला. किल्ला व मुरार परत आले, झाशी इंग्रजांकडे गेली. नेवाळकरांची, म्हणजे आपलीच, झाशी! किल्ल्यासाठी तो सौदा योग्यच म्हणावा लागेल. पण मुरारही त्याच तराजूत होते, हे विसरू नये.

आम्ही दरबारी गवयांच्या घरातले. आमच्याकडे हद्दू-हस्सू खाँची नावे कानाच्या पाळीला हात लावून घेत. १९१८ साली माधवराव महाराजांनी पंडित भातखंड्यांच्या सल्ल्याने संगीत विद्यालय काढले, तेही लष्करातच. मुरारची मुले शिकायला तिकडे जात. मी उलटा आलो. सात नंबर चौराह्याच्या पलीकडे एका माडीवर माझा वर्ग भरतो.

माझ्या शिष्यांत आडनावाने मराठी असलेली पुष्कळ. पण "बसा" म्हटले की "जी गुरुजी" ऐकू येते. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी देवनागरी, चीजेचे शब्द बहुधा ब्रज. त्यामुळे शिकण्याचे कुठे अडत नाही. अडते ते घरी. आजीने नातवाला मराठीत ओरडावे आणि नातवाने हिंदीत हट्ट करावा! थोरली मुले पुण्या-इंदूरला नोकरीला गेली, वाडे विकले गेले. गेल्या वर्षी तंबोऱ्याची एक जोडी मला अशाच एका घरातून मिळाली. मालकीणबाईंनी पैसे घेतले नाहीत. "तारा बदलत जा, मास्तर," एवढेच म्हणाल्या.

नदीचे मात्र सांगवत नाही. जिच्या नावाने आपण गाव ओळखतो, त्या मुरार नदीचा नाला झाला आहे.

तरी संध्याकाळी या. सदर बाजारात खरेदी करा, आणि चौराह्यावरून टेंपो न घेता थोडे पायी चाला. हमीर ऐकू आला तर माडी आमचीच. एक मुलगी सध्या विलंबितात रमली आहे. तान घ्यायची तिला मुळीच घाई नाही.