विश्लेषण : आजची मुले आई-बाबांपेक्षा हळू का धावतात?

आठवीतला मुलगा आणि आठवीत असतानाचे त्याचे बाबा यांची शर्यत लावली, तर कोण जिंकेल? अनेक देशांतील नोंदी पाहता, बहुधा बाबा! मुलांचा दम पिढीगणिक का घटला?

नोंदी काय सांगतात?
दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील ग्रँट टॉमकिन्सन यांनी २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत ५० अभ्यासांचे विश्लेषण मांडले. त्यात २८ देशांतील ९ ते १७ वयोगटातील अडीच कोटींहून अधिक मुलांच्या १९६४ ते २०१० दरम्यानच्या नोंदी होत्या. एक मैल (सुमारे १.६ किलोमीटर) धावायला मुलांना ३० वर्षांपूर्वीच्या मुलांपेक्षा सरासरी ९० सेकंद जास्त लागत होते.

दम मोजतात कसा?
२० मीटर अंतरावरील दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची. वेग दर मिनिटाला वाढतो. बीपआधी रेषा गाठता आली नाही की चाचणी संपते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९ देशांतील मुलांची क्षमता १९८१ ते २०१४ दरम्यान सुमारे ७ टक्क्यांनी घटली. बहुतांश घट २००० पूर्वीची आहे. त्यानंतर घसरण जवळपास थांबली, पण गेलेला दम परत आलेला नाही. या देशांत भारत नव्हता.

कारण फक्त वजन?
नाही. टॉमकिन्सन यांच्या मते, ३० ते ६० टक्के घट वाढलेल्या चरबीमुळे आहे. म्हणजे बाकीची कारणे वेगळी आहेत. दम लागेल असा खेळ रोज झाला नाही, तर हृदय आणि फुप्फुसांना सराव मिळत नाही. त्यामुळे ‘मूल बारीक आहे, म्हणजे तंदुरुस्त आहे’ हा समज फसवा आहे. बालपणी कमावलेली क्षमता मोठेपणी हृदयाच्या कामी येते.

मुलींचे काय?
जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार, २०१६ मध्ये जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुलांची पुरेशी हालचाल होत नव्हती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८, तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. आपल्याकडेही मुलगी वयात आली की तिचे मैदान अनेकदा आधी सुटते.

पालकांनी काय करावे?
५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी, तीही धाप लागेल अशी. खो-खो, लंगडी, दोरीउड्या, सायकल, काहीही चालेल. एक तास सलग मिळालाच पाहिजे असे नाही; शाळेत पायी जाणेही त्यात धरता येते. ‘खेलो इंडिया’च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत मोठ्या मुलांसाठी ६०० मीटर धावणेही आहे. पालकसभेत गणिताच्या गुणांसोबत ती वेळही विचारायला हवी. आणि परीक्षा जवळ आली की पीटीचा तास कोणत्या विषयाला जातो, हेही!