हेडफोन एकटा वाजत नाही

हैदराबादच्या कोटी भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची गुजराती गल्ली आहे. तिथून सहा-आठ इंची साधा वूफर आणा. तो कशालाही न जोडता टेबलावर ठेवा आणि कागदी पडद्यावर बोटाने हलकी टिचकी मारा. ‘धुम्म’ असा जरा लांबणारा, घुमणारा आवाज येईल. आता तारेचा तुकडा घेऊन वूफरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडा आणि पुन्हा तशीच टिचकी मारा. या वेळी आवाज ‘थप्प’ म्हणून जागीच बसतो. वीज कुठूनही दिलेली नाही, पडदा तोच, बोट तेच. फक्त दोन टोकं जोडली आणि आवाजाचा स्वभाव बदलला!

महागड्या हेडफोनबद्दलचे अर्धे वाद या टिचकीत दडलेले आहेत. चुंबकाच्या क्षेत्रात कॉइल हलली की तिच्यात वीज तयार होते. टोकं सुटी असतील तर त्या विजेला वाहायला वाट मिळत नाही. वाट मिळाली की प्रवाह सुरू होतो, आणि तो प्रवाह ज्या हालचालीतून जन्मला त्याच हालचालीला अडवतो. लेंझने हा नियम १८३४ मध्ये सांगितला. म्हणजे स्पीकर वाजत असतो तेव्हा तो त्याच क्षणी छोटा जनित्रही असतो, आणि आपण तयार केलेली वीज अँप्लिफायरकडे परत पाठवत असतो. तिला तिथे किती मोकळी वाट मिळते, यावर पडदा वेळेवर थांबतो की थोडा झुलत राहतो, हे ठरतं.

कोटीहून काही मैलांवर, उप्पल रस्त्यावर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. स्थापना १९६१ ची. तिथले शास्त्रज्ञ हाच नियम जमिनीचं बोलणं ऐकण्यासाठी वापरतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि तेव्हापासून कोयना हा या संस्थेच्या अभ्यासाचा मोठा विषय राहिला आहे. सत्तरच्या दशकात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन लांब रेषांवर स्फोट घडवून, त्यांची कंपनं टिपून, दख्खनच्या काळ्या कातळाखाली काय आहे याचा वेध संस्थेने घेतला. अशा सर्वेक्षणात जमिनीत रोवतात तो जिओफोन. आत चुंबक, स्प्रिंगवर टांगलेली कॉइल, बस्स. जमीन हलली की कॉइलमध्ये वीज उमटते. पण कॉइल एकदा हलल्यावर स्वतःच्या लयीत डुलत राहिली तर पुढची कंपनं त्यात मिसळून जातात. म्हणून कॉइलच्या टोकांना बाहेरून एक रेझिस्टर जोडतात. १० हर्ट्झच्या एका प्रचलित जिओफोनमध्ये कॉइलचा रोध ३७५ ओहम असतो. टोकं सुटी ठेवली तर डॅम्पिंगचा, म्हणजे डोलणं शमवण्याचा, अंक ०.२५ येतो, हजार ओहमचा रेझिस्टर लावला की ०.७ च्या आसपास जातो, आणि कॉइल जमिनीशी प्रामाणिक राहते. काही पैशांचा तो रेझिस्टर नसेल तर उत्तम जिओफोनही चुकीची साक्ष देतो.

आता हेडफोन. सेनहायझरने २००९ मध्ये एचडी ८०० काढला तेव्हा ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. एकांना त्यातला ऐसपैसपणा दुसरीकडे कुठेच सापडेना. दुसऱ्यांना तो कानाला टोचू लागला. त्याच्या ५६ मिलिमीटरच्या कंकणाकृती पडद्याचा इंपीडन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा एकूण अडथळा, कागदोपत्री ३०० ओहम. प्रत्यक्षात तो प्रत्येक सुराला वेगळा असतो. १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे पडद्याला आपण होऊन डोलायला आवडतं, तिथे तो सुमारे दुप्पट होतो. हे वाढलेले ओहम म्हणजे पडद्याने परत पाठवलेली ती वीजच.

अँपचा स्वतःचाही थोडा आतला रोध असतो. आजच्या बऱ्याच ट्रान्झिस्टर अँपमध्ये तो एखाद-दोन ओहम किंवा त्याहून कमी. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्हच्या अँपमध्ये तो शंभरच्या घरात असू शकतो. हिशेब करून पाहू. अँपचा रोध १०० असेल तर ३०० ओहमच्या सुरांना विजेच्या दाबाचा ७५ टक्के वाटा मिळतो आणि ६०० ओहमच्या सुरांना जवळजवळ ८६ टक्के. फरक सव्वा डेसिबलच्या थोडा आत. खर्जाचा भाग तेवढा फुगतो. एक ओहमच्या अँपवर हाच फरक डेसिबलच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्शाइतका उरतो, तो कुणालाच ऐकू येत नाही. याच गोष्टीकडे डॅम्पिंगच्या बाजूने पाहिलं तर काय दिसतं? शंभर ओहममुळे परतीच्या प्रवाहाची वाट अरुंद झाली, पडद्याचा ब्रेक सैल पडला, म्हणून तो त्या जागी जास्त डोलला. गणित मांडलं तर तोच सव्वा डेसिबलच्या आतला आकडा हातात येतो. दोन वेगळ्या वाटांनी निघून एकाच दारात पोचणारं हे उत्तर मला फार सुंदर वाटतं. दुकानदार ‘टोनचा उबदारपणा’ आणि ‘डॅम्पिंग फॅक्टर’ असे दोन गुण वेगवेगळे सांगतात, तेव्हा ते बहुतेक वेळा एकाच घटनेविषयी बोलत असतात.

म्हणून एचडी ८०० व्हॉल्व्हवर ऐकणारा आणि ट्रान्झिस्टरवर ऐकणारा, दोघेही खरं बोलत होते. त्यांच्या कानांवर एकच वस्तू पडतच नव्हती. यात एक ऐतिहासिक गोंधळही आहे. आयईसी ६१९३८ या १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने हेडफोनसाठी १२० ओहमचा स्रोत धरला होता. आता अँपचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा ठोकताळा चालतो. ३२ ओहमचा हेडफोन १२० ओहमच्या जागी लावला तर विजेचा दाब जवळपास पाचव्या हिश्शावर येतो. पडद्यावरचा विजेचा ब्रेकही बराच सैल पडतो.

प्लेनर जातीच्या हेडफोनचं मात्र वेगळं. तिथे गुंडाळलेली कॉइल नसते. पातळ फिल्मवर वाहक रेषा पसरलेल्या असतात आणि सबंध फिल्म चुंबकांच्या रांगांसमोर हलते. इंपीडन्स जवळजवळ सरळ रेषेत राहतो, त्यामुळे अँपच्या आतल्या रोधाने स्वर बदलत नाही. तिथे प्रश्न ताकदीचा. हायफायमॅनचा सुस्वरा २०१७ मध्ये आला. ६० ओहम, आणि एक मिलिवॅट दिल्यावर केवळ ८३ डेसिबल. एचडी ८०० तेवढ्याच विजेत सुमारे ९७ डेसिबल देतो. क्षणभराचा ११० डेसिबलचा कळस गाठायला एचडी ८०० ला २१ मिलिवॅट पुरतात. सुस्वराला ५०० लागतात. चोवीस पट! लोक त्याला स्पीकरचे अँप लावतात, ते यामुळे.

तरी ‘फोनवर तो वाजतच नाही’ ही अतिशयोक्ती आहे. फोनच्या एखाद्या डोंगलमधून एक व्होल्ट मिळतो. तेवढ्यात सुस्वरा ९५ डेसिबलपर्यंत जातो, आणि सरासरी ७५ डेसिबलवर ख्याल ऐकत असाल, तबल्याची थाप त्याहून वीस डेसिबल वर जात असेल, तर ती कशीबशी मावते. पण मैफलीचं एखादं रेकॉर्डिंग हळू पातळीवर भरलेलं असतं. तिथे आवाज वाढवायला पुढे जागाच राहत नाही. खऱ्या ताकदीची गरज लागते ती तिथे. बाकी ‘नव्या अँपवर हेडफोन खुलला’ म्हणतात, त्यातला बराचसा खुलेपणा आवाज थोडा मोठा झाल्याचा असतो, असं माझं ठाम मत आहे. थोडा मोठा आवाज आपल्याला नेहमीच सरस वाटतो.

जुळणीची कल्पना तिच्या टोकाला नेली ती १९९१ च्या ऑर्फियसने. सेनहायझरचा हा हेडफोन विजेच्या स्थिर क्षेत्रावर चालतो. त्याला नेहमीचा अँप चालत नाही, शेकडो व्होल्टचा बायस, म्हणजे कायम दिलेला स्थिर दाब, लागतो. म्हणून तो त्याच्यासाठीच बनवलेल्या व्हॉल्व्हच्या अँपसकट विकला गेला. कोणता अँप लावावा, हा प्रश्नच कंपनीने शिल्लक ठेवला नाही.

पण अँप हुबेहूब तोच ठेवला तरी मतं जुळत नाहीत, आणि इथे मला सर्वांत जास्त नवल वाटतं. कारण साखळीचं शेवटचं यंत्र प्रत्येकाचं निराळं आहे. कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब. एका टोकाला बंद असलेल्या एवढ्या नळीचा अनुनाद ३४०० हर्ट्झच्या आसपास येतो. नळी तीन मिलिमीटरने लहान असेल तर तो ३९०० कडे सरकतो. कर्णपाळीच्या वळणांमुळे त्याच्या वरच्या पट्टीत प्रत्येकाचे उंचवटे आणि खळगे वेगवेगळ्या जागी पडतात. एचडी ८०० चा वादग्रस्त उंचवटा ६००० हर्ट्झच्या जवळपास आहे, नेमका याच प्रदेशात. ज्याच्या कानात तिथे खळगा आहे त्याला तो सौम्य वाटेल. ज्याच्या कानात उंचवटा आहे त्याला तो दुप्पट बोचेल.

कानाच्या पडद्यापलीकडे तर निसर्गाने स्वतःचा जुळणी करणारा ट्रान्सफॉर्मर बसवला आहे. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर त्यातली सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परतून जाते. आतला कान द्रवाने भरलेला आहे. मग आपल्याला ऐकू कसं येतं? पडद्याचं क्षेत्रफळ आतल्या लंबगोल खिडकीच्या सुमारे सतरा पट आहे, आणि तीन इवल्या हाडांची तरफ त्यात १.३ पटीची भर घालते. दाब बावीस पट वाढतो, म्हणजे २७ डेसिबल. तांदळाच्या दाण्याहूनही लहान हाड यात शेवटचं काम करतं, आणि त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत नाहीत.

बडे गुलाम अली खाँसाहेबांचा शेवट १९६८ मध्ये हैदराबादेतच झाला. त्यांचं जुनं रेकॉर्डिंग एचडी ८०० वर लावून पाहावं. स्वरमंडळाच्या तारा लखलखतात, आणि ध्वनिफितीची सळसळही तितकीच पुढे येते. उंचवटा एकच, पण एक ऐकणारा तारांवर खूष होतो, दुसरा सळसळीवर वैतागतो. तंबोऱ्याने तर हा प्रदेश अगदीच उघडा पडतो. मिरजेचे कारागीर घोडीला घासून जी जवारी काढतात आणि वादक तारेखाली दोरा सरकवून जी जुळवतात, तिच्यामुळे वरचे स्वरांश विलक्षण ताकदीने उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या शोधनिबंधात दाखवलं होतं की तार ज्या बिंदूवर छेडल्यास एखादा स्वरांश उमटूच नये, तिथे छेडूनही तंबोऱ्यात तो उमटतो. हेडफोन पारखायला मला तंबोऱ्याइतकं कठोर वाद्य माहीत नाही. जवारी भरड वाटली तर वरचा भाग जास्त आहे. मिटल्यासारखी वाटली तर कमी.

सेनहायझरनेही वाद मनावर घेतला. २०१६ च्या एचडी ८०० एस मध्ये त्या उंचवट्यासाठी पडद्याच्या मध्यावर शोषक पोकळी बसवली. तत्त्व हेल्महोल्ट्झच्या अनुनादकाचं: ठरावीक सुराला पोकळी स्वतः डोलते आणि त्याची ऊर्जा गिळते. व्हॉल्व्हच्या अँपने खर्ज वाढवून जी तडजोड व्हायची तिच्यापेक्षा हा इलाज मला सरळ वाटतो. एक डेसिबलचा खर्ज ६००० हर्ट्झचं दुखणं बरं करत नाही, फक्त त्यावरून लक्ष हटवतो.

शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत २०१३ च्या सुमारास, माणसांना हेडफोनचा कोणता स्वर आवडतो याची पद्धतशीर चाचणी सुरू केली. २०१९ मध्ये ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांचे गट मांडले: ६४ टक्क्यांना एक विशिष्ट स्वररेषा पसंत, १५ टक्क्यांना तिच्याहून जास्त खर्ज हवा, २१ टक्क्यांना कमी. आणि २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन मोजले, तेव्हा स्वररेषा आणि किंमत यांचा संबंध सापडला नाही.

तेव्हा दोन अँपची तुलना करायची असेल तर मल्टिमीटर घ्या. ४०० हर्ट्झचा एकसारखा सूर लावा, हेडफोन जोडलेला असतानाच दोन्ही अँपचा व्होल्टेज मोजा, आणि फरक एक टक्क्याच्या आत आणा. मग दुसऱ्या कुणाला तरी अँप बदलायला सांगा, स्वतः पाहू नका. अर्धा तास तंबोरा, मग आवडीचा गळा. कोणता बरा, हे लिहून ठेवा आणि आठवड्याने तीच चाचणी पुन्हा करा.