पोतेऱ्याची स्वच्छता

फरशी रोज पुसली जाते, म्हणून घर स्वच्छ आहे असें आपण मानतों. परंतु ज्या फडक्यानें ती पुसली, त्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. मळक्या पोतेऱ्यानें घाण निघत नाहीं. ती एका खोलींतून दुसरींत पसरते. रांगणारें मूल त्याच फरशीवर हात टेकतें आणि तोच हात तोंडांत घालतें, हें ध्यानांत ठेवावें.

प्रथम केर काढावा. नाहींतर धुळीचा चिखल होतो. दोन बादल्या घ्याव्या: एकींत साबणाचें पाणी, दुसरींत पोतेरें खळबळण्याचें. पोतेरें घट्ट पिळून आंतील भिंतीपासून दाराकडे पुसत यावें व प्रत्येक खोलीनंतर खळबळण्याचें पाणी बदलावें. शहाबादी फरशी चुनखडीची असते. तिच्यावर लिंबू अथवा दुसरें आम्ल घालूं नये. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर तर कधींही एकत्र करूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो.

काम संपल्यावर पोतेरें साबणानें धुऊन उन्हांत पसरावें. ओला बोळा कोपऱ्यांत पडून राहिल्यास त्यांत जंतु वाढतात.

आई अथवा मोलकरीण रोज वांकून फरशी पुसते. मळक्या पोतेऱ्यामुळें तिचे श्रम वाया जाऊं नयेत, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थ्यांनीं आठवड्यांतून एक दिवस तरी हें काम स्वतः करून पाहावें.