पाटी लहान, कमान मोठी

आम्ही कापडवाले. पाटी दिसली नाही तर गिऱ्हाईक येणार कोठून, ही आमची पहिली काळजी. म्हणून मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावरील दुकानदारांचे उदाहरण आम्ही व्यापारी बंधूंसमोर ठेवतो.

१८६०च्या दशकात कोटाची तटबंदी पडली, पुढे रस्ता रुंद झाला आणि दोन्ही बाजूंना मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येकीची धाटणी निराळी, पण तळाशी कमानींची ओसरी सर्वांना सारखी. ऊन असो की पाऊस, गिऱ्हाईक सावलीतून दुकानोदुकानी फिरते. अशी सोय आज कोण बांधून देईल? आणि आपणच तिच्यावर पत्र्याच्या अन् प्लॅस्टिकच्या पाट्या ठोकल्या!

१९९५ साली मुंबईत वारसा इमारतींचे नियम आले. त्यानंतर काही वर्षांत येथील पाट्या काढून कमानीच्या आत बेताच्या मापाने बसविण्यात आल्या. खर्च बहुतांशी दुकानदारांनीच सोसला. दगडी नक्षी पुन्हा दिसू लागली आणि दुकानेही चालूच राहिली.

छपराची गोष्ट मात्र वेगळी. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या दरावर गोठली. मालक दुरुस्ती कशातून करणार? ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पण मूळ भाडेच चहापाण्याइतके, त्याचे ४ टक्के ते किती! पागडी भरून बसलेले आपण भाडेकरूच आहोत. गळतीच्या खर्चात आपला वाटा किती, हे मालकाबरोबर बसून आपणच ठरवावे लागेल, आणि तेही पावसाळ्याआधी.