चिकाटी आणि लवचीकता : मेंदूतील रसायनांचा तोल

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• मानसिक चिकाटी व लवचीकता यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• डोपामीन व सिरोटोनिन या रसायनांचे या संदर्भातील कार्य सांगता येईल.
• ‘रसायन जितके अधिक, तितकी क्षमता अधिक’ ही समजूत अपुरी का आहे, ते विशद करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अडचणी आल्या तरी हाती घेतलेले काम न सोडणाऱ्या माणसाला आपण चिकाटीचा म्हणतो. वाट बंद झाल्यावरही तिथूनच जाऊ पाहणाऱ्याला हेकट म्हणतो. परिस्थिती पाहून मार्ग बदलणारा लवचीक ठरतो, तर कारणाविना मार्ग बदलत राहणारा धरसोडीचा. या चार शब्दांत वर्तनाचे प्रकार दोनच आहेत : धरून ठेवणे आणि सोडून देणे. त्यांचा गुण होतो की दोष, हे प्रसंगावर अवलंबून असते. केव्हा धरावे आणि केव्हा सोडावे, हे ठरवण्यात मेंदूतील रसायनांचा वाटा कोणता, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

विषय-विवेचन

१. नियम बदलतो तेव्हा

१९४८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील मानसशास्त्रज्ञांनी पत्ते लावण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. पत्त्यांवरील आकृत्यांचा रंग, आकार व संख्या वेगवेगळी असते. पत्ते कोणत्या नियमाने लावायचे हे सांगितले जात नाही. केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच कळते. उत्तरे सलग बरोबर येऊ लागली की नियम गुपचूप बदलला जातो.

१९६३ मध्ये ब्रेंडा मिल्नर यांनी, अपस्माराच्या उपचारासाठी कपाळामागील मेंदूचा काही भाग काढावा लागलेल्या रुग्णांचे या चाचणीवरील निष्कर्ष मांडले. ‘चूक’ असे वारंवार ऐकूनही हे रुग्ण जुन्याच नियमाने पत्ते लावत राहिले. यास आपण स्वभावाचा हट्ट म्हणू शकत नाही. नियम सोडण्याची यंत्रणाच येथे दुखावली होती.

२. डोपामीन : एक रसायन, दोन कार्ये

चेतापेशी परस्परांना संदेश देण्यासाठी जी रसायने वापरतात, त्यांना चेतापारेषके म्हणतात. डोपामीन हे स्वतंत्र चेतापारेषक असल्याचे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

कपाळामागील पूर्वललाट भागात डोपामीनची योग्य पातळी असली, की मनात धरलेले उद्दिष्ट टिकून राहते व बाहेरचे व्यत्यय दूर राहतात. मेंदूच्या गाभ्यातील स्ट्रायटम या भागात मात्र तेच रसायन नव्या माहितीस वाट करून देते आणि कृती बदलण्यास साहाय्य करते. म्हणजे पहिले ठिकाण प्रामुख्याने चिकाटीचे, दुसरे लवचीकतेचे, असे स्थूलमानाने म्हणता येईल. प्रमाणाचेही महत्त्व तितकेच आहे. पूर्वललाट भागात डोपामीन फार कमी झाले तरी कार्य बिघडते आणि फार वाढले तरी बिघडते. उत्तम कार्य मधल्या पातळीवर होते.

३. औषधाची दुधारी धार

पार्किन्सन विकारात, म्हणजे कंपवातात, डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाल मंदावते, तसेच एका कामावरून दुसऱ्याकडे वळणेही कठीण होते. लेव्होडोपा हे औषध मेंदूत डोपामीनची भरपाई करते. रोशन कूल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे दाखवले, की या औषधाने रुग्णांना एका कामावरून दुसऱ्यावर जाणे सुलभ होते. परंतु काल लाभदायक असलेली निवड आज तोट्याची ठरली, तर ती सोडून देण्याची क्षमता खालावते.

याचे स्पष्टीकरण असे : विकाराच्या आरंभी स्ट्रायटमच्या वरच्या भागातील डोपामीन अधिक घटते, खालच्या भागात ते बऱ्यापैकी शाबूत असते. जो डोस पहिल्या भागाची उणीव भरून काढतो, तोच दुसऱ्या भागाला अतिरिक्त होतो. शेतातील कोरड्या वाफ्यासाठी सोडलेले पाणी शेजारच्या ओल्या वाफ्यात साचावे, तसे हे घडते. काही रुग्णांना डोपामीनसारखे कार्य करणाऱ्या औषधांमुळे जुगाराची अनावर ओढ लागते, हेही वैद्यकास ज्ञात आहे. अशा वेळी कुटुंबीयांनी रुग्णाच्या नीतीस दोष देण्याऐवजी डॉक्टरांना कळवणे आवश्यक ठरते. मात्र औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते.

४. सिरोटोनिनचा वाटा

मार्मोसेट जातीच्या माकडांवरील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्वललाट भागातील सिरोटोनिन कमी करण्यात आले. पूर्वी खाऊ मिळवून देणारी वस्तू आता निरुपयोगी झाली, तरी ही माकडे तीच निवडत राहिली. म्हणजे लवचीकता हे एकट्या डोपामीनचे कार्य नव्हे.

सारांश

चिकाटी व लवचीकता या दोन्ही क्षमता मेंदूला हव्यात. त्यांचा तोल रसायनाच्या केवळ प्रमाणावर नव्हे, तर ते कोठे कार्य करते यावरही ठरतो. म्हणून एकाच उपायाने एक क्षमता सुधारून दुसरी खालावू शकते. तथापि रसायने म्हणजे विधिलिखित नव्हे. झोप, ताण, सराव व अनुभव यांचाही या तोलावर परिणाम होतो. माणसाला ‘हेकट’ किंवा ‘धरसोड्या’ ठरवण्यापूर्वी हे ध्यानी घेणे उचित होय.

स्वाध्याय

१. पत्ते लावण्याच्या चाचणीतून मानसिक लवचीकता कशी तपासली जाते?
२. लेव्होडोपाच्या दुहेरी परिणामाची कारणमीमांसा करा.
३. ‘चिकाटी’ व ‘हेकटपणा’ यांतील भेद स्वतःच्या अध्ययनातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.