मोजक्या डावांचा वस्ताद

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी आणि मैदान शंभर वार लांब. ज्यांच्याकडे चेंडू त्यांची चढाई, समोरच्यांचा बचाव. चढाई करणाऱ्यांना चार संधी मिळतात. तेवढ्यात दहा वार पुढे सरकले की पुन्हा नव्याने चार संधी. नाही सरकले तर चेंडू समोरच्यांच्या हाती जातो. हुतूतू खेळलेल्या माणसाला यातली झटापट समजायला वेळ लागणार नाही.

तिकडच्या विद्यापीठांत या खेळाचे वेड इतके की काही ठिकाणची मैदाने लाखावर माणसे बसतील एवढी मोठी आहेत. दर शनिवारी सामना, आणि सगळा गाव त्याच्या मागे. प्रत्येक संघाला एक मुख्य प्रशिक्षक असतो. त्याच्या हाताखाली चढाईचा वेगळा आणि बचावाचा वेगळा प्रशिक्षक असतो. चढाई शिकवता शिकवता ज्यांनी हा सगळा खेळच बदलून टाकला, त्या माईक लीच यांची ही हकिकत.

वकिली सोडून मैदानावर

लीच यांचा जन्म 1961 सालचा, कॅलिफोर्नियातल्या सुझनव्हिल गावचा. लहानाचे मोठे झाले ते वायोमिंग राज्यातल्या कोडी या गावी. हा गुरे राखणाऱ्यांचा, घोड्यांचा मुलूख. पुढे शिकायला ते युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात गेले. तिथल्या फुटबॉल संघात ते कधीच खेळले नाहीत. ते खेळले रग्बी. पण त्या विद्यापीठाचे प्रशिक्षक लावेल एडवर्ड्स त्या काळी एक वेगळाच खेळ खेळवत होते. बाकीचे संघ चेंडू काखेत घेऊन माणसांच्या गर्दीत घुसत. एडवर्ड्स यांची मुले चेंडू हवेतून फेकत. लीच ते बघत राहिले.

1983 मध्ये पदवी झाली आणि 1986 मध्ये पेपरडाइन विद्यापीठातून कायद्याचीही पदवी मिळाली. पुढे काळा कोट घालायचा आणि बरी कमाई करायची, असा सरळ रस्ता समोर होता. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर होते, बायको आणि मूल होते. तरीही त्यांनी वकिली केली नाही. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात अगदी तुटपुंज्या पगारावर ते सहायक प्रशिक्षक झाले. 1989 मध्ये तर थेट फिनलंडला जाऊन तिथल्या पोरी शहराच्या संघाला त्यांनी अमेरिकन फुटबॉल शिकवला.

मक्याच्या शेतातले कॉलेज

त्याच वर्षी आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट या गावी त्यांना नोकरी मिळाली. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरे पाळणाऱ्यांचा प्रांत. तिथले आयोवा वेस्लियन हे छोटेसे कॉलेज 1842 सालचे. (2023 मध्ये ते बंद पडले.) त्याच्या संघाची अवस्था काय वर्णावी? 1988 च्या हंगामात दहा सामने खेळले आणि दहाही हरले. अशा संघाची जबाबदारी हाल मम्मी नावाच्या प्रशिक्षकाने घेतली आणि चढाईची आखणी करायला लीच यांना बोलावले. लहान कॉलेज म्हटल्यावर एकाच माणसाकडे चार-पाच कामे आलीच.

या दोघांपुढचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. ज्याच्याकडे बारमाही पाणी आणि काळी कसदार जमीन आहे, त्याच्याशी माळरानावरच्या माणसाने बरोबरी कशी करायची? देशातली सर्वांत धिप्पाड आणि वेगवान मुले मोठी, पैसेवाली विद्यापीठे आधीच उचलून नेतात. मग उरलेल्यांतून संघ बांधायचा. अशा संघाने गर्दीत घुसून अंगाला अंग भिडवायचे ठरवले तर जड बाजूच जिंकणार. म्हणून या दोघांनी ठरवले, की अंगाची झुंज होईल तेवढी टाळायची आणि मैदान रुंद करायचे.

मैदान रुंद करायचे म्हणजे काय? चढाईच्या वेळी क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू हाती घेऊन कुणाकडे फेकायचा ते ठरवतो. त्याचे रक्षण करायला पुढे पाच दांडग्या गड्यांची फळी असते. हे पाच जण एरवी खांद्याला खांदा लावल्यासारखे उभे राहतात. लीच यांनी त्यांना एकमेकांपासून हातभर, कधी त्याहूनही जास्त अंतरावर उभे केले. साहजिकच त्यांच्यासमोरच्या बचावाच्या गड्यांनाही फाकावे लागले. कडेच्या गड्याला क्वार्टरबॅकपर्यंत पोचायला लांबचा वळसा पडू लागला आणि फेक करायला एखाददुसरा क्षण जास्त मिळू लागला. चेंडू झेलणारे चार गडी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांगवले. आता बचाव करणाऱ्यांनी राखायचे तरी कुठे कुठे? कुठे ना कुठे जागा मोकळी राहणारच. ती जागा शोधून चेंडू तिथे टाकायचा, एवढेच काम. या पद्धतीला पुढे नाव पडले ‘एअर रेड’, म्हणजे हवाई हल्ला.

यातला एक डाव पाहा. दोन गडी दोन्ही बाजूंनी आत धावत येतात आणि मैदानाच्या मध्यावर एकमेकांच्या इतके जवळून जातात की हात लांबवला तर लागावा. त्यांच्या मागे लागलेले बचावाचे गडी तिथे एकमेकांना अडखळतात. तेवढ्यात दोघांपैकी एक मोकळा सापडतो. दुसरा डाव त्याहून सोपा. चौघांनी नाकासमोर सरळ पळत सुटायचे आणि जिथे मोकळी जागा दिसेल तिथे थांबायचे.

थोडेच शिका, पण पक्के शिका

इतर प्रशिक्षक शेकडो डावांची जाडजूड वही बनवतात आणि सामन्याच्या दिवशी दोन्ही बाजूंनी खचाखच भरलेला मोठा तक्ता हातात धरतात. लीच यांच्या हातात घडी घातलेला कागदाचा एक लहानसा कपटा असे. डाव मोजके, पण रोज तेच. सोमवारी तेच, गुरुवारी तेच, पुढच्या वर्षीही तेच. पोरांना विचार करायची गरज उरू नये, पाय आपोआप पडावेत, इथपर्यंत ती घोटाई चाले. आपल्या तालमीतला वस्ताद नव्या पोराला एकच डाव महिनोन्‌महिने घोटायला लावतो, त्याच जातीचे हे शिक्षण.

आणखी एक गोष्ट होती. बाहेरून सांगितलेला डाव समोरची मांडणी पाहून बदलायची मोकळीक क्वार्टरबॅकला होती. ‘जो जागेवर उभा आहे त्यालाच जास्त दिसते,’ हा त्यामागचा हिशेब. डाव कमी असल्यामुळेच विशीतल्या मुलावर एवढा भरवसा टाकता येत असे.

दहाही सामने हरलेल्या आयोवा वेस्लियनने पहिल्याच हंगामात सात सामने जिंकले. 1992 मध्ये मम्मी आणि लीच जॉर्जिया राज्यातल्या वाल्डोस्टा स्टेटला गेले आणि 1997 मध्ये केंटकी विद्यापीठात. आता गाठ बड्या संघांशी होती. त्याच वर्षी केंटकीने अलाबामाला हरवले. असा विजय त्यांना 1922 नंतर पहिल्यांदाच मिळत होता. केंटकीचा क्वार्टरबॅक टिम काउच 1999 मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला निवडला गेला.

1999 मध्ये लीच एकटे ओक्लाहोमा विद्यापीठात चढाईचे प्रशिक्षक म्हणून गेले. तिथे त्यांनी युटातल्या एका लहान कॉलेजातून जॉश हाइपेल नावाचा पोरगा शोधून आणला. त्याच वर्षी टेक्सासविरुद्धच्या सामन्याआधी त्यांनी डावांची एक खोटी यादी तयार केली आणि समोरच्यांना सापडेल अशा बेताने मैदानावर टाकवली. टेक्सासची काही वेळ अशी फसगत झाली की ओक्लाहोमाने 17–0 अशी आघाडी घेतली. पण खोटेपणा उघडा पडायला वेळ लागत नाही. टेक्सासने तो सामना 38–28 असा जिंकला. पुढच्याच वर्षी, 2000 मध्ये, हाइपेलच्या हाताने ओक्लाहोमा देशात अजिंक्य ठरले. तोवर लीच तिथून निघाले होते.

कपाशी, गहू आणि गाईची घंटा

2000 मध्ये ते टेक्सास टेक विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. हे विद्यापीठ लबक गावी आहे. चहूकडे सपाट रान आणि नजर पोचेल तिथवर कपाशी. इथे ते दहा हंगाम राहिले आणि दरवर्षी त्यांचा संघ हंगामअखेरच्या खास सामन्यासाठी पात्र ठरला. 2006 च्या अशाच एका सामन्यात मिनेसोटाविरुद्ध ते 38–7 असे मागे होते, तरी शेवटी 44–41 ने जिंकले. 1 नोव्हेंबर 2008 ला तर देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या टेक्सासला त्यांनी 39–33 ने हरवले. निर्णायक झेल घेतला तेव्हा घड्याळात एकच सेकंद उरला होता.

पण माणूस वादातीत नव्हता. जीभ तिखट होती आणि पोरांना चारचौघांत लागेल असे बोलत. 2009 च्या अखेरीस, डोक्याला मार बसलेल्या एका खेळाडूला गैर वागणूक दिल्याचा आरोप त्यांच्यावर आला. त्यांनी तो नाकारला. 30 डिसेंबरला विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. ते कोर्टात गेले, पण सरकारी विद्यापीठावर भरपाईचा दावा चालत नाही म्हणून हाती काही लागले नाही. पुढचे दोन हंगाम त्यांना संघ मिळाला नाही.

2012 मध्ये वॉशिंग्टन स्टेटने बोलावले. हे विद्यापीठ पुलमन गावी, गहू आणि मसूर पिकवणाऱ्या टेकड्यांच्या मुलखात. 2020 मध्ये ते मिसिसिपी स्टेटला गेले. तिथले प्रेक्षक सामन्याला गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन येतात आणि हजारो घंटा एकदम वाजवतात. ही दोन्ही विद्यापीठे मुळात शेतीचे शिक्षण देण्यासाठी सरकारी जमिनीच्या मदतीने निघाली. याच धर्तीवर आपल्या देशात 1960 मध्ये पंतनगरचे आणि नंतर राहुरीसारखी कृषी विद्यापीठे उभी राहिली.

मिसिसिपीतल्या पहिल्याच सामन्यात त्यांच्या संघाने आदल्या वर्षीच्या अजिंक्य लुइझियाना स्टेटला 44–34 ने हरवले. त्या दिवशी क्वार्टरबॅकने फेकून 623 वार मिळवले. त्या गटातला तो विक्रम ठरला.

एका गुणाची गोष्ट

तरीही या पद्धतीची एक खोट सांगितली पाहिजे. चढाई भराभर संपते, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना दम खायला वेळ मिळत नाही. 4 ऑक्टोबर 2014 ला पुलमनमध्ये वॉशिंग्टन स्टेटच्या कॉनर हॅलिडेने कॅलिफोर्नियाविरुद्ध फेकीने 734 वार मिळवले. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांत एवढे आधी कुणी मिळवले नव्हते. आणि तरी संघ 60–59 असा हरला. शेवटच्या क्षणी अगदी जवळून मारलेली लाथ खांबांच्या बाहेरून गेली.

12 डिसेंबर 2022 ला हृदयविकाराने लीच वारले. वय 61 वर्षे. तीन आठवड्यांनी, 2 जानेवारी 2023 ला, मिसिसिपी स्टेटचा इलिनॉयशी सामना होता. पहिल्या चढाईला मुले लीच यांच्या मांडणीत उभी राहिली आणि खेळ सुरू न करता वेळ संपेपर्यंत तशीच थांबली. नियमाप्रमाणे याला दंड असतो. इलिनॉयने तो घेतला नाही.

मुख्य प्रशिक्षक म्हणून लीच यांचे 265 सामने झाले. त्यांत 158 विजय आणि 107 पराभव, म्हणजे शेकडा 59.6. विद्यापीठ फुटबॉलच्या सन्मान-दालनात नाव लागण्यासाठी अट होती शेकडा 60 विजयांची. एकच पराभव विजय झाला असता तर बरोबर 60 भरले असते. तो पुलमनचा एका गुणाने हुकलेला सामना इथे आठवल्याशिवाय राहत नाही. 2025 मध्ये ही अट 59.5 वर आणण्याचे ठरले, 2027 च्या निवडीपासून लागू होईल अशी.

अजिंक्यपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांची पेरणी उगवली ती शिष्यांत. टेक्सासच्या कपाशीच्या मुलखातल्या मुलशू या लहान गावचा लिंकन रायली त्यांच्या संघात खेळायला आला. खेळाडू म्हणून तो टिकला नाही, तेव्हा लीच यांनी त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतले. त्याच रायलीने शिकवलेल्या तीन क्वार्टरबॅकनी 2017, 2018 आणि 2022 मध्ये देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळवला. लीच यांच्या हाताखाली क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला क्लिफ किंग्जबरी पुढे टेक्सास टेकचाच प्रशिक्षक झाला. त्याचा शिष्य पॅट्रिक महोम्स व्यावसायिक फुटबॉलमध्ये जगज्जेता ठरला.

आपल्या गावच्या शाळेत किंवा मंडळात पोरांना कबड्डी, खो-खो शिकवणारे अनेक गुरुजी आणि दादा आहेत. त्यांनी लीच यांच्याकडून एवढे जरूर घ्यावे. दुसऱ्यांच्या धिप्पाड पोरांकडे बघून हळहळण्यापेक्षा आपल्या पोरांना झेपतील असे चार-पाच डाव निवडावेत आणि हंगामभर तेच घोटून घ्यावेत. सामन्याच्या दिवशी मग बाहेरून फार ओरडू नये. निर्णय मैदानात उभ्या असलेल्या पोरावर सोडावा.